काडतूस भरण्याच्या यंत्राची निवड

यंत्र घ्यावयाचे म्हटले की आपण प्रथम किंमत विचारतो आणि नंतर वेग. तासाला माल किती निघतो, हे पाहिल्याखेरीज कोणी पिठाची चक्की घेत नाही की छापखान्यातले यंत्र घेत नाही. या दोन प्रश्नांच्या आधी विचारावयास हवा असा एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो मात्र सहसा मागे पडतो. यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाचे लक्ष त्या वेगाबरोबर टिकेल काय, हा तो प्रश्न. चक्कीच्या बाबतीत त्याची हयगय झाली तर फार तर पीठ जाडेभरडे येईल. पण काही यंत्रे अशी आहेत की त्यांच्या बाबतीत हयगयीची किंमत बोटांनी किंवा डोळ्यांनी द्यावी लागते. अशाच एका यंत्राचा विचार आपणांस आज करावयाचा आहे. एकदा उडवलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचे ते यंत्र होय. त्याला रीलोडिंग प्रेस असे नाव आहे.

हा विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. तेथे शिकारी, निशाणबाजीचे शौकीन आणि स्पर्धेत उतरणारे नेमबाज यांपैकी पुष्कळांच्या घरी, मोटारीच्या खोलीत किंवा तळघरात, एक भक्कम मेज असते आणि त्याच्या कडेला बोल्टांनी आवळलेले असे एक लोखंडी यंत्र असते. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरावयास तेथील संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरावयाची झाल्यास मात्र तो लागतो. आपल्याकडे स्थिती अगदी निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी असे यंत्र शोधावयास निघावे, असा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु यंत्राची निवड कोणत्या कसोटीवर करावी हे शिकण्यास याच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल, म्हणून आम्ही ते निवडले आहे.

काडतूस म्हणजे काय, हे आधी ध्यानात घेऊ. त्याचे भाग चार. बाहेरची पितळी नळी ती पुंगळी, तिच्या बुडाशी खोचलेली, आघाताने पेट घेणारी छोटी वाटी ती केप, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोकदार सुई केपेवर आपटते, केपेची ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. या एका क्षणात केप, दारू आणि गोळी ही तिन्ही खर्ची पडतात. शिल्लक राहते ती पुंगळी, आणि चारांमध्ये बहुधा तीच सर्वांत महाग असते. ती ज्या पितळेची करतात त्यात साधारण शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. हे पितळ वायूच्या दाबाने फुगून बंदुकीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळे होते. फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मूळ मापाला आणली, तिला नवी केप, नवी दारू आणि नवी गोळी दिली, की काडतूस पुन्हा तयार होते. एकच पुंगळी अशा रीतीने अनेक वेळा उपयोगी पडते. घरी काडतुसे भरण्याच्या साऱ्या उद्योगाचे मूळ या साध्या काटकसरीत आहे.

काटकसर हे मात्र एकमेव कारण नव्हे. प्रत्येक बंदुकीची नळी थोडी निराळी असते. एखाद्या नळीला अमुक वजनाची गोळी आणि अमुक जातीची दारू मानवते, दुसरीला मानवत नाही. कारखान्याचे काडतूस सर्व बंदुकांना चालेल असे करावे लागते, तर घरचे काडतूस एकाच बंदुकीच्या अंगाबरोबर बेतता येते. तयार कपडा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला कपडा यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. शिवाय कित्येक जुन्या बंदुकांची काडतुसे आता बाजारात मिळतच नाहीत. त्या बंदुका चालू ठेवावयाच्या तर दुसरा मार्ग नाही. बाजारातल्या टंचाईमुळेही लोक या उद्योगाकडे वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील नागरिकांना काडतुसे मिळणे कठीण झाले होते, आणि युद्ध संपल्यावर सरकारकडे उरलेली दारू स्वस्तात विक्रीस आली, तेव्हा हा छंद घरोघर पसरला.

त्याचा आरंभ अर्थात त्याहून जुना आहे. ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार शिकाऱ्याने स्वतःच भरावयाचा असे. दारू ओतावी, गोळी ठासावी, केप चढवावी, हा क्रम आपल्याकडेही जुन्या माणसांना परिचित होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस आले आणि हे सर्व काम कारखान्याकडे गेले. पण अमेरिकेच्या पश्चिम भागातला शिकारी दुकानापासून शेकडो मैल दूर असे. रिकाम्या पुंगळ्या फेकून देणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. त्याच्यासाठी १८८४ साली जॉन बार्लो याने कनेक्टिकट राज्यात आयडियल नावाची कंपनी काढली आणि अडकित्त्यासारखे एक हत्यार विकावयास आणले. घोड्याच्या खोगिरातल्या पिशवीत मावेल एवढ्या त्या हत्याराने जुनी केप काढता येई, नवी बसवता येई आणि गोळीही दाबून बसवता येई. आजच्या यंत्रांचा पूर्वज तोच.

घरी काडतुसे भरणे सोपे झाले त्यात केपेच्या रचनेचाही मोठा भाग आहे. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी दोन तऱ्हेच्या केपा काढल्या. एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज आणि हायरम बर्डन हा अमेरिकन. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे आतून एक सरळ सळई घातली की जुनी केप टपकन खाली पडते. बर्डनच्या रचनेत मध्यभागी पितळेचा उंचवटा असतो आणि छिद्रे बाजूला असतात. सळई तेथे चालत नाही. गंमत अशी की इंग्रजाची केप अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला त्याचे हे एक लहानसे पण महत्त्वाचे कारण आहे.

आता यंत्राकडे वळू. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या सोऱ्यासारखे आहे. सोऱ्याचे अंग एकच. शेव करावयाची तर एक चकती घालावी, चकली करावयाची तर दुसरी. तसेच या यंत्राचे अंग एकच असते आणि वर निरनिराळे पोलादी साचे आट्यांनी बसवता येतात. खाली एक दट्ट्या असतो, त्याच्या माथ्यावर पुंगळी उभी करावयाची. बाजूची तरफ खाली ओढली की दट्ट्या वर जातो आणि पुंगळी साच्यात शिरते. तरफेची सांधेजोड अशी केलेली असते की दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या सुमारास हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो, कारण फुगलेले पितळ दाबावयास खरा जोर तेथेच लागतो. या साच्यांच्या आट्यांचे मापही आता बहुतेक ठरून गेले आहे. व्यास इंचाच्या आठ भागांपैकी सात भाग आणि इंचाला १४ आटे. त्यामुळे एका कंपनीचा साचा बहुधा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसतो, आणि ग्राहक कोणा एकाच्या दावणीला बांधला जात नाही. ही सोय लहान वाटली तरी निवडीच्या वेळी फार मोलाची ठरते.

काम कोणत्या क्रमाने होते तेही पाहू. पुंगळी स्वच्छ करून तिला तडा गेला नाही ना, हे पाहावयाचे. मग पहिल्या साच्यात ती दाबून मूळ मापाला आणावयाची. त्याच वेळी जुनी केप निघते. लांबी वाढली असल्यास कापावयाची. नवी केप बसवावयाची. दारू मोजून घालावयाची. शेवटी दुसऱ्या साच्याने गोळी ठराविक खोलीवर बसवावयाची. ही कामे कशी वाटून घ्यावयाची, यावरून यंत्रांच्या तीन जाती पडतात.

पहिली जात एका साच्याची. यात एका वेळी एकच साचा बसतो आणि तरफेच्या एका ओढीत एकच काम होते. पन्नास पुंगळ्या घेतल्या तर पन्नासांचे पहिले काम आधी संपवावयाचे, साचा बदलावयाचा, मग पन्नासांचे दुसरे काम. काम सावकाश चालते. तासाला पन्नासेक काडतुसे झाली तरी पुष्कळ. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन याने १९४३ साली सुरू केलेल्या आर.सी.बी.एस. या कंपनीचे ‘रॉक चकर’ हे या जातीचे नावाजलेले यंत्र आहे.

दुसरी जात फिरत्या माथ्याची. यात चार, सहा किंवा सात साचे एका गोल माथ्यावर एकदमच बसवून ठेवतात. पुंगळी खाली तशीच राहते आणि माथा फिरवून एकामागून एक साचा तिच्यावर आणतात. साचा काढण्या-घालण्याचा वेळ वाचतो. ओढी तितक्याच माराव्या लागतात, तरी तासाला शंभर ते दोनशे काडतुसे होऊ शकतात.

तिसरी जात मालिकेची. यात उलट साचे स्थिर आणि पुंगळ्या फिरत्या असतात. खालच्या चकतीवर चार-पाच पुंगळ्या एकाच वेळी उभ्या असतात, आणि तरफेच्या एका ओढीत एकीची केप निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीत गोळी बसते. चकती एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक ओढीला एक पुरे काडतूस बाहेर पडते. तासाला चारशे-पाचशे काडतुसे सहज होतात. अशी यंत्रे १९३० च्या दशकापासून होती. पण ॲरिझोना राज्यातल्या माइक डिलन याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ती सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आणली.

इतके ऐकल्यावर कोणीही म्हणेल की मग तिसरीच जात घ्यावी. तासाला पन्नास कोठे आणि पाचशे कोठे! येथेच आपल्या तिसऱ्या प्रश्नाची गाठ पडते.

काडतुसात सर्वांत नाजूक वस्तू दारू. ती ग्रेन या मापाने मोजतात. इंग्रजी अमदानीत ठरलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक ग्रेन हा गुंजेच्या निम्म्याहून थोडा अधिक. सोनाराच्या तराजूवर गुंजेला जेवढा मान, तेवढाच या मेजावर ग्रेनाला असतो. पिस्तुलाच्या काडतुसात तर एकंदर दारूच थोड्या ग्रेनांची असते, तेथे अर्ध्या ग्रेनाचा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. या मूठभरदेखील नसलेल्या दारूचा दाब किती होतो? मोटारीच्या चाकात हवा असते ती चौरस इंचाला ३० ते ३५ पौंडांच्या आसपास. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या रायफलीच्या काडतुसासाठी तेथील उद्योगसंस्थेने घातलेली कमाल मर्यादा आहे ६०,००० पौंडांची. नेमबाजाचा गाल आणि डोळा या दाबापासून वीतभर अंतरावर असतात.

आता चूक कशी होते ते पहा. ‘थर्टी-एट स्पेशल’ हे पिस्तुली काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले तेव्हा काळ्या दारूचा जमाना पुरता सरला नव्हता. काळी दारू पुष्कळ जागा खाई, म्हणून पुंगळी लांब ठेवलेली होती. आजची बिनधुराची दारू अतिशय तेज. ती त्या पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसते. अशा पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती सांडत नाही, वर गोळी व्यवस्थित बसते, आणि बाहेरून काडतूस निर्दोष दिसते. ते उडवले की पिस्तूल फुटण्याचा संभव असतो. याच्या उलट चूक म्हणजे दारू पडायचीच राहणे. ही निरुपद्रवी वाटते, पण तशी नाही. केपेच्या एकट्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज बारीक होतो. घाईत असलेला नेमबाज दुसरा बार काढतो, आणि नळी फुगते किंवा फाटते.

या दोन चुका पकडण्याची संधी प्रत्येक यंत्र किती देते, हीच निवडीची खरी कसोटी. एका साच्याच्या यंत्रावर दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत एका रांगेत उभ्या असतात. गोळी बसवण्यापूर्वी दिवा जवळ धरून सगळ्यांत एक नजर टाकली की एखादी जास्त भरलेली किंवा रिकामी पुंगळी शेजारणींच्या तुलनेत चटकन दिसते. येथे संथपणा हीच पाहणी आहे. दोन कामांच्या मध्ये जो मोकळा वेळ पडतो त्यात माणसाचा डोळा आपले काम करतो. मालिकेच्या यंत्रात हा मोकळा वेळच नाहीसा केलेला असतो. तेथे हात तरफेवर असतो, दुसरा हात गोळी ठेवत असतो, आणि डोळ्याने त्याच क्षणी दारूची पातळी पाहावयाची असते. काम सुरळीत चालले आहे तोवर ठीक. पण एखादी केप अडकली, तरफ अर्ध्यावर थांबली, कोणी दारावरची घंटा वाजवली, की चकती पुढे सरकली होती की नव्हती, हे आठवत नाही. दोनदा दारू पडते ती अशा वेळी. म्हणून जाणते लोक सांगतात की काम मध्येच थांबले तर चकतीवरच्या साऱ्या पुंगळ्या काढून रिकाम्या कराव्यात आणि पहिल्यापासून आरंभ करावा. या यंत्रांसाठी दारूची पातळी तपासणारा आणि चूक झाल्यास आवाज करणारा जादा साचाही मिळतो. तो अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या भरवशावर डोळे मिटू नयेत.

मग निवड कशी करावी? वर्षाकाठी हरणाच्या शिकारीला पाच-दहा आणि सरावाला शंभरेक काडतुसे लागणाऱ्या रायफलवाल्याला एका साच्याचे यंत्र पुरून उरते. फार दूरच्या निशाणावर अचूकपणा हवा असलेल्यालाही तेच, कारण त्याला प्रत्येक दारूचे माप स्वतंत्र तोलावयाचे असते. जो दर आठवड्याला शे-दीडशे पिस्तुली काडतुसे वापरतो त्याने फिरत्या माथ्याचे यंत्र पाहावे. स्पर्धेच्या तयारीसाठी महिन्याला हजार-हजार काडतुसे उडवणाऱ्याने मालिकेचे यंत्र घेणे रास्त आहे. पण त्यानेही आधी एका साच्यावर हात बसवलेला असावा. प्रत्येक काम सुटे सुटे केले असेल तरच ती सर्व एकत्र चालू असताना कोणते बिघडले ते हाताला कळते. संगीत शिकणारा आधी विलंबित आळवतो आणि मग द्रुताकडे जातो, त्यातला हेतू हाच.

बारीकसारीक गोष्टीही पाहाव्या लागतात. यंत्राची चौकट पूर्ण वेढा घेणारी असेल तर जोर लावताना ती ताणली जात नाही. एका बाजूने उघडी असेल तर पुंगळी ठेवणे सोपे जाते, परंतु मोठ्या रायफलीच्या पुंगळ्या दाबताना ती किंचित वाकते. पिस्तुली पुंगळ्यांना हलके यंत्र चालते. वापरलेल्या केपा कोठे पडतात, हेही विचारावे. त्यांच्या राखेत शिशाचा अंश असतो, ती घरभर पसरू नये, आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मेज हलते असेल तर उत्तम यंत्रही व्यर्थ. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारे पैसे यंत्रावरच खर्चून तराजू हलका घेऊ नये. यंत्र साधे असले तरी चालेल. तराजू खरा पाहिजे, माप घेण्याचा कंपास खरा पाहिजे, आणि दारूचे प्रमाण सांगणारे छापील पुस्तक ताजे पाहिजे. शेजाऱ्याने तोंडी सांगितलेल्या प्रमाणावर कोणी शहाणा माणूस दारू भरत नाही.

घर आणि कारखाना यांच्यातला भेद येथे स्पष्ट होतो. आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. खानदेशात वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकात निघाला. काडतुसांच्या अशा कारखान्यांतली यंत्रे घरच्या यंत्राच्या कित्येक पट वेगाने चालतात, तरी ती चालू शकतात याचे कारण केवळ यंत्रबळ नव्हे. तेथे माल करणारा निराळा आणि तपासणारा निराळा. प्रत्येक टप्प्याला माप लागते, वजन होते, आणि प्रत्येक घाण्यातले नमुने उडवून पाहिले जातात. घरच्या मेजाशी बसलेला माणूस मात्र एकटाच कारागीर असतो, एकटाच तपासनीस असतो, आणि बार काढताना गालाशी बंदूक धरणाराही पुष्कळदा तोच असतो. कारखान्याचा वेग घरात आणताना कारखान्याची तपासणीही बरोबर येत नाही, हे विसरले की अपघात होतो.

म्हणून या यंत्राच्या निवडीचा नियम थोडक्यात सांगावयाचा तर असा: आपल्याला किती काडतुसे हवीत यावरून यंत्राची वरची मर्यादा ठरवावी, आणि आपला डोळा प्रत्येक पुंगळीत डोकावू शकेल अशा वेगावरून खालची. त्या दोहोंत मेळ बसत नसेल तर काडतुसे कमी करावीत, डोळ्याचे काम कमी करू नये. यंत्र श्रम वाटून घेते. जबाबदारी वाटून घेत नाही. आपल्या घरात काडतुसांचे यंत्र येणार नाही, आणि येऊही नये. परंतु उसाच्या चरकापासून कागद कापण्याच्या सुरीयंत्रापर्यंत, हात आत घालावा लागणारी यंत्रे आपल्या गावात थोडी नाहीत. त्यांची खरेदी करताना दुकानदाराला तासाचा हिशेब विचारण्यापूर्वी, त्याच्यापुढे बसणाऱ्या माणसाला थांबून पाहावयास ते यंत्र किती वेळ देते, एवढे विचारून घ्यावे.